औषध म्हणून चालते

४ ऑगस्ट १९८६, सोमवार

आज सकाळी डॉक्टरांचा राग आला, सायंकाळी संस्थेच्या अध्यक्षांचा आला आणि त्यानंतर स्वयंपाकघरातून ऐकू आलेल्या हसण्याचा आला. राग हृदयास अपायकारक असतो, हे त्याच डॉक्टरांनी सकाळी सांगितले होते.

छातीत अधूनमधून कळ येते म्हणून गंगापूर रोडवरील डॉक्टरांकडे गेलो होतो. दिसावयास ते माझ्या अखेरच्या वर्गातील विद्यार्थ्यांहूनही लहान. कार्डिओग्राम पाहून म्हणाले, "सर, घाबरण्यासारखं नाही, पण तूप कमी करा. मासे खाता?"

"नाही."

"कधीच नाही?"

"पूर्वी खात असू."

"मग सोडलेत कशाला? बाहेरच्या देशांत आता हार्टसाठी सगळे मासळीचं तेल घेतायत. गोळ्या येतात त्याच्या."

सौ. विमल सोबत होती. डॉक्टरांनी तिलाही वजनकाट्यावर उभे केले. बेचाळीस किलो. गेल्या वर्षी सत्तेचाळीस होते. "आजी, जेवत नाही का?" तर म्हणे, "जात नाही." यापलीकडे एक शब्द नाही. मास्तरची बायको आहे. पूर्ण वाक्य बोलावयास काय हरकत होती? डॉक्टरांनी तिलाही त्याच गोळ्या सांगितल्या.

सायंकाळी पारनेरकर आले. हे आमच्या ज्ञानदीप गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते; मी चिटणीस. माझ्या छातीची वार्ता त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोहोचली होती. त्यांनी टेबलावर एक बाटली ठेवली. आत सोनेरी, पारदर्शक, फुगीर गोळ्या.

"आमच्या श्रीकांतनं अमेरिकेतून पाठवल्यात. आम्ही दोघंही रोज घेतो. फिश ऑइल."

"आपण?" मी विचारले. "आपल्याकडे तर अंडेही येत नाही."

"अहो सर, औषध म्हणून चालतं."

बारा वर्षांपूर्वी, संस्था नवी असताना, हेच गृहस्थ याच खुर्चीत बसून म्हणाले होते, "सर, तुम्हाला सांगायला संकोच वाटतो, पण काही जणांना मासळीच्या वासाचा त्रास होतो. एखादा नियम करता आला तर बघा. तुमच्याइतकं शुद्ध कोण लिहिणार?" सोळा सदनिकांत आमच्या समाजाचे घर एकच. संकोच कोणाच्या स्वयंपाकघराविषयी होता, हे समजण्यास पदवी लागत नव्हती. तरीही नियम क्रमांक अठरा मीच लिहिला. "संस्थेच्या कोणत्याही सदनिकेत सुकी अथवा ओली मासळी कोणत्याही निमित्ताने शिजविली, भाजली वा तळली जाऊ नये." आजही वाचतो तेव्हा त्यात एकही शब्द अधिक वा उणा आढळत नाही.

पारनेरकर गेल्यावर विमलने बाटली उजेडात धरून पाहिली.

"कशाचं तेल म्हणालात?"

"माशाचे."

"यांच्या घरात?"

"होय."

त्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि हसू लागली. पदर तोंडात धरूनही ऐकू येत होते. त्यात हसण्यासारखे काय होते, ते तिने सांगितले नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

या गोळ्यांचा एक दोष बाटलीवर छापलेला नाही. दोन तासांनी ढेकर येतो, आणि तो बाजारातील टोपल्यांची आठवण करून देतो. आज वाचनालयात वर्तमानपत्र वाचताना आला. शेजारच्या गृहस्थांनी प्रथम माझ्याकडे, मग आपल्या चपलेच्या तळाकडे पाहिले आणि खुर्ची बदलली. माझे कान तापले. अडुसष्टाव्या वर्षी, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यात, माझ्याच तोंडाला तो वास!

घरी येऊन हे सांगितले. सहानुभूतीची अपेक्षा होती. विमल म्हणाली, "मग आता नोटीस लावा तोंडाला."

त्या जुन्या सूचनेचा तिला अद्याप विसर पडत नाही. वस्तुस्थिती अशी. १९७९ साली इगतपुरीहून तिच्या भावजयीने, शकुबाईने, थोडे सुके बोंबील आणले होते. मी घरी नसताना हिने चार भाजले. दुसऱ्या दिवशी तक्रार आली. चिटणीस म्हणून माझ्यापुढे दोनच मार्ग होते: डोळेझाक करणे, किंवा नियम सर्वांना समान आहे हे दाखवून देणे. मी सुवाच्य अक्षरांत सूचना लिहिली, "सदनिका क्रमांक सात येथे नियम अठराचा भंग झाल्याचे निदर्शनास आले असून संबंधितांनी पुनरावृत्ती टाळावी," आणि जिन्यालगतच्या फलकावर स्वहस्ते लावली. संपूर्ण इमारतीने माझी प्रशंसा केली. "सर म्हणजे सर!" असे पारनेरकर चारचौघांत म्हणाले. नियमाप्रमाणे सूचना आठ दिवस राहिली.

त्या आठ दिवसांत विमल रोज सकाळी दूध आणावयास त्याच जिन्याने गेली. तिला वाचता येते. लग्न झाले तेव्हा येत नव्हते. पहिलीचे पुस्तक घेऊन मीच शिकविले. याचा मला अभिमान आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

आज तिला गोळी दिली. तिने घेतली नाही.

"डॉक्टरांनी सांगितले आहे."

"मला नको."

"वजन घटते आहे तुझे. आणि मासळीच तर आहे त्यात."

"म्हणूनच नको. मी मासळी औषध म्हणून खाणार नाही. मला ती भाकरीशी पाहिजे."

मी म्हटले, नियम आहे. ती म्हणाली, "माहीत आहे मला कुणी लिहिलाय." आणि निवडलेली मेथी उचलून आत गेली. दुपारी अर्धी भाकरी खाल्ली. मेथी उत्तम झाली होती. पण तिच्या ताटात तशीच राहिली. हट्ट! निव्वळ हट्ट!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ध्वजवंदनानंतर संस्थेच्या अंगणात मी दहा मिनिटे बोललो. विषय: स्वातंत्र्य आणि स्वयंशिस्त. भाषण चांगले झाले. वर आलो तो विमलची पिशवी दाराशी भरून ठेवलेली.

"धोंडीरामकडे जाऊन येते. शकूचे गुडघे दुखतात. चार दिवसांत येईन."

धोंडीराम हा तिचा धाकटा भाऊ. रेल्वेत फिटर होता, आता इगतपुरीस घर बांधून राहतो. भावजयीच्या गुडघ्यांसाठी भर पावसात इगतपुरीस जाणे मला अनावश्यक वाटले, आणि तसे मी सांगितलेही. तिने माझ्या गोळ्यांची बाटली पाण्याच्या तांब्याजवळ सरकवून ठेवली आणि गेली. भाषण कसे झाले, हेही विचारले नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आठ दिवस झाले. चार दिवस म्हणजे आठ दिवस नव्हेत. स्वयंपाक मला येत नाही. ढेकर मात्र येतात. पारनेरकरांच्या सौभाग्यवतींनी अळूची भाजी पाठविली. उत्तम होती. तरी राग आला.

२७ ऑगस्ट, बुधवार

विमलचे पोस्टकार्ड आले. "शकूचे गुढगे बरे आहेत. मी येवढ्यात येत नाही. मला इथे जेवन जाते. तुमी गोळ्या घ्या."

संताप अनावर झाला. चार वाक्यांत चार चुका! लाल शाई घेतली आणि एकेक चूक दुरुस्त केली. सर्व दुरुस्त्या झाल्यानंतर कार्ड पुन्हा वाचले. मजकूर तोच राहिला होता.

३१ ऑगस्ट, रविवार

आज इगतपुरीस जाऊन आलो. क्रमवार लिहितो.

बस स्थानकापासून धोंडीरामच्या घरापर्यंत चालेतो छत्री असून नसल्यासारखी झाली. धुके असे की समोरचा माणूस नमस्कार करून गेला तरी कोण ते कळू नये. धोंडीराम ओट्यावरच होता.

"या दाजी! लय भिजला की. शकू, टावेल आण गं!" शकुबाई तरातरा चालत टॉवेल घेऊन आली. गुडघ्यांत काही दोष दिसला नाही.

आत चुलीपाशी विमल जेवावयास बसली होती. ताटात नागलीची भाकरी आणि कांदा-लसूण घातलेली लालभडक सुकट. मला पाहून उठली नाही. "हात धुऊन या," इतकेच म्हणाली. मी उभा राहून पाहत होतो. तिने एक भाकरी संपविली, दुसरी घेतली, तीही संपविली. गेल्या दोन वर्षांत तिला एका बैठकीत एक पूर्ण भाकरी खाताना मी पाहिले नव्हते. गाल भरले होते. मला आनंद व्हावयास हवा होता. झाला तो संताप.

शकुबाईने माझ्यापुढे ताट ठेवले. मी म्हणालो, "मला नको. सकाळी गोळी घेतली आहे."

"कसली गोळी?" धोंडीरामने विचारले.

"माशाच्या तेलाची," विमल म्हणाली.

धोंडीराम मांडीवर थाप मारून म्हणाला, "मंग दाजी, तुमी बी मासळी खाल्लीच की! निसती चावली नाय." तिघेही हसले. मीच तेवढा हसलो नाही.

हसणे ओसरल्यावर तो म्हणाला, "रागावू नका, पन एक इचारू? तुमच्या बिल्डिंगीत बंदी शिजवायची हाय का खायाची?"

माझ्याआधी विमलने उत्तर दिले. "शिजवायची. खायची नाही. इथं आल्यावर तरी खाता आली असती त्यांना. बारा वर्षांत एकदाही हात लावला नाही."

हे खरे होते, आणि त्याचे कारण मी तेथे सांगू शकलो नाही.

निघताना मी म्हणालो, "विमल, घरी चल." ती अंगणात माझ्याबरोबर आली. पाऊस तिच्या पदरावर पडत होता.

"तिथं मी जेवू काय?"

"घरात काय कमी आहे?"

"अहो, भाजीपाल्याला मी नावं ठेवत नाही. पण माझ्या आईनं मला चालायच्या आधी सुकट चोखायला दिली. त्या घरात ती रांधली की चोरी होते. मी एकदा चोरी केली, तुम्ही ती भिंतीवर लावली. आठ दिवस येणारे-जाणारे वाचायचे आणि मला वाट द्यायचे. बाजूला सरकून, अंग चोरून. तुमच्या लक्षात आलं नसेल."

माझ्या लक्षात आले नव्हते.

"मी भांडत नाही," ती म्हणाली. "तुमचा मान बारा वर्षं सांभाळला. आता जरा जीव सांभाळते."

"म्हणजे येणार नाहीस?"

"त्या स्वयंपाकघरात नाही."

परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात तिला उत्तर देत आलो. पाच-सहा उत्तरे तयार झाली. सर्व निर्दोष होती. एकही खरे नव्हते.

२ सप्टेंबर, मंगळवार

धोंडीरामच्या घरी जे सांगू शकलो नाही, ते येथे लिहितो. येथे ऐकणारे कोणी नाही.

१९३४ साली मी नाशकास शिकावयास आलो आणि वसतिगृहात राहू लागलो. वर्गातील व्याकरणाचे शिक्षक विद्वान होते. सहामाही परीक्षेत मी पहिला आलो. त्यांनी माझी वही हातात घेतली, नाकाशी नेली, आणि सर्व वर्गासमक्ष म्हणाले, "गांगुर्डे, तुझे संधी निर्दोष आहेत, पण वहीला सुकटीचा वास येतो. उद्यापासून ती खाली जमिनीवर ठेवीत जा, मी वाकून पाहीन." वर्ग हसला. ते खरोखर वाकून पाहत असत, आणि तरीही मला पूर्ण गुण देत. त्या वर्षापासून लिहिण्यापूर्वी मी हात साबणाने दोनदा धुतो. पुढे स्वतः शिक्षक झालो, बत्तीस वर्षे शिकविले, पण ती सवय गेली नाही. जेवणात सुकट असली की दुसऱ्या दिवशी वर्गातील कोणी श्वास रोखला आहे काय, इकडे माझे लक्ष असे. म्हणून पारनेरकर संकोच घेऊन आले तेव्हा मला अपमान वाटला नाही. खरे लिहावयाचे तर सुटल्यासारखे वाटले. आता नियमच झाला. आता कोणी वास घेणार नाही.

त्या शिक्षकांचा राग बावन्न वर्षे आला नव्हता. आदरच होता. आज आला. लिहिताना टाक कागदातून आरपार गेला आहे.

७ सप्टेंबर, रविवार

वार्षिक सर्वसाधारण सभा एकवीस तारखेस आहे. विषयपत्रिका मीच तयार करतो. विषय क्रमांक सहा लिहिला: "नियम अठरा रद्द करण्याबाबत. सूचक: स. धों. गांगुर्डे." अनुमोदकाची जागा मोकळी ठेवली.

सदनिका क्रमांक तीनमधील सहादू बोरस्ते यांना गाठले. हे द्राक्षबागायतदार. शनिवारी हॉटेलात जाऊन तळलेले पापलेट खातात, हे त्यांनीच मला आनंदाने सांगितलेले आहे.

"सर, तुमचं शंभर टक्के बरोबर," ते म्हणाले. "मी आहे की तुमच्या मागं."

"मागे नको. अनुमोदन द्या."

"बघू ना. सभेला तर येऊ द्या."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पारनेरकर येऊन गेले. विषयपत्रिका वाचली होती. आवाज मऊ.

"सर, बरं नाही का वाटत? वहिनीही गावाला गेल्यात..."

"ती जेवावयास गेली आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"आपण गोळी घेता तेव्हा दार लावून घेता काय?"

त्यांना प्रश्न कळला नाही. चहा अर्धा टाकून गेले. बरे झाले. दूध नासलेले होते.

२१ सप्टेंबर, रविवार

सभा झाली. घरी येऊन दोन तास झाले, तरी छातीत धडधड आहे. लिहिल्याखेरीज उतरणार नाही.

विषय क्रमांक सहा येताच मी उभा राहिलो. म्हणालो, "हा नियम मी लिहिला. लिहिताना माझ्या घरात तो कोणाच्या पोटावर येईल, हे मला ठाऊक होते. आज तो मागे घेण्याची विनंती मीच करीत आहे. कारण माझी पत्नी या इमारतीत जेवू शकत नाही."

कोणी खोकले. बोरस्ते आपल्या चपलांकडे पाहत होते.

"सर, वासाचा प्रश्न आहे," पारनेरकर म्हणाले. "व्यक्तिगत काहीच नाही."

"अध्यक्षमहाराज, आपल्या कपाटातील बाटलीत काय आहे?"

"औषध."

"कशाचे?"

मागच्या रांगेतून त्यांच्या सौभाग्यवती भाबडेपणाने म्हणाल्या, "अहो, तेलाचं नाही का?" थोडे हसू झाले.

"माशाच्या तेलाचे!" माझा आवाज चढला, वर्गात कधी चढला नव्हता इतका. "गोळीत भरून परदेशातून आले म्हणजे औषध, आणि आमच्या तव्यावर आले म्हणजे घाण! आपण ते गिळता आणि आपले आयुष्य वाढते. माझी बायको ते भाजते आणि तिच्या नावाने भिंतीवर सूचना लागते!"

"ती सूचना तुम्हीच लावलीत सर," कोणीतरी म्हणाले. कोण ते पाहिले नाही. खरेच होते ते.

"होय, मीच लावली. म्हणून मीच उभा आहे."

तेव्हा पारनेरकर उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बारा वर्षांत प्रथमच. अतिशय प्रेमाने म्हणाले, "सर, असं वेगळं कशाला समजता स्वतःला? तुमची भाषा, तुमचं राहणं... अहो, तुम्ही त्यांच्यातले राहिलात कुठे आता? तुम्ही आमच्यातलेच."

सर्वांनी माना डोलावल्या. कोणाच्याही मनात वाईट नव्हते, हीच त्यातील भयंकर गोष्ट. हे वाक्य ऐकावे म्हणून मी बावन्न वर्षे हात दोनदा धुतले. आज ते मिळाले आणि अंगावर काटा आला. मी खांद्यावरचा हात बाजूला केला.

"अनुमोदन?" मी विचारले.

पंख्याचा आवाज येत होता. बोरस्ते लघवीस उठून गेले.

इतिवृत्त लिहिणे चिटणीसाचे काम. तेथेच बसून लिहिले: "अनुमोदनाअभावी विषय क्रमांक सहा निकालात निघाला." खाली स्वाक्षरी केली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

चिटणीसपदाचा राजीनामा आणि गोळ्यांची अर्धी बाटली पारनेरकरांकडे पोचती केली. ते बाटलीकडे पाहून म्हणाले, "अहो, तब्येतीवर कशाला राग?" मी म्हणालो, "तब्येतीसाठी दुसरी सोय केली आहे." तोपर्यंत केलेली नव्हती.

२४ सप्टेंबर, बुधवार

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात गेलो. सुक्या मासळीच्या रांगेत शिरलो, आणि प्रथम मागे वळून पाहिले की कोणी ओळखीचे नाही ना. स्वतःचाच इतका संताप आला की पुढच्याच टोपलीपाशी थांबलो. नवसाबाई म्हणून एक वृद्धा बसली होती. शेजारीण तिला त्या नावाने हाका मारीत होती.

"काय पाहिजे बाबा? बोंबील का सुकट?"

काय मागावे ते मला सुचेना.

"बायकूनं काय सांगितलं आणायला?"

"काही सांगितले नाही. ती रुसून माहेरी आहे."

"या वयात?" तिने शेजारणीला कोपराने ढोसले. "मंग सुकट न्या. आन बारीक चाळून देते, वाळू नाय ऱ्हायाची. रुसल्या बाईच्या दाताखाली खडा आला तर पुना जाईल."

झाकणाचा पत्र्याचा डबा घेऊन गेलो होतो, तो भरून दिला. घरी आणला नाही. शुद्ध भित्रेपणा. शाळेतील जुना शिपाई झुंबर जवळच राहतो, त्याच्याकडे ठेवला. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःविषयी गैरसमज होणार नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी झुंबरकडून डबा उचलला आणि इगतपुरीस गेलो. ओट्यावर बसवून विमलला सभेचा संपूर्ण वृत्तान्त सांगितला. माझे भाषण मी जवळजवळ शब्दशः म्हणून दाखविले. तिने ऐकून घेतले.

"म्हणजे नियम आहेच."

"आहे."

"आणि तुम्ही?"

"मी तो मोडणार आहे."

"तुम्ही?"

धोंडीराम आतून ओरडला, "दाजी, लिवून द्या!"

"लिहून देणार नाही," मी म्हणालो. "लिहूनच सारे बिघडले आहे."

विमलने डब्याचे झाकण काढले, चिमूटभर सुकट तळहातावर घेतली, वास घेतला. "चाळून दिलीय. कुणाकडून घेतली?"

"नवसाबाई म्हणून आहे."

"तुम्ही गेलात? स्वतः? बाजारात?" तिने माझ्याकडे असे पाहिले की मी दुसरीकडे पाहिले. मग ती उठली आणि तव्याखाली जाळ केला.

मी जेवलो. पहिला घास तोंडात फिरला, कारण जीभ विसरली होती. दुसऱ्या घासाला आठवले. विमल म्हणाली, "हळू. छाती आहे तुमची." हात धुतले, परंतु एकदाच.

दुपारी आम्ही दोघे बसने निघालो. डबा आसनाखाली. घोटीपर्यंत सर्व ठीक होते. तेथे काही माणसे चढली. त्यांतील एकाने नाकाला रुमाल लावून हाक दिली, "ओ कंडक्टर, काय घाण भरलीय गाडीत?"

कंडक्टर वाट काढीत आला. "कुणाचा डबा हाय?"

बस खचाखच भरलेली. विमल खिडकीबाहेर पाहत होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही, काही सुचविले नाही. ती वाट पाहत होती. मला ते तिच्या मानेवरून कळले.

मी उभा राहिलो. वरच्या दांडीला धरले. "डबा माझा आहे. त्यात सुकट आहे. ती घाण नाही, आमचे अन्न आहे. आणि ज्यांना..." मनात आणखी तीन वाक्ये तयार होती. विमलने सदरा ओढला. "बसा. पडाल."

"बाबा, भाषान नका करू," कंडक्टर म्हणाला, "झाकण ढिलं हाय त्याचं. मांडीवर घ्या, नायतर खड्ड्यात समदी सांडंल. चांगली दिसतीय. कुठून घेतली?"

रुमालवाल्याने तोंड फिरविले. मी डबा मांडीवर घेतला आणि नाशिक येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसलो. राग तसाच राहिला, खर्च न होता.

संस्थेच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा पाच वाजले होते. बाकावर पारनेरकर, बोरस्ते आणि आणखी दोघे गप्पा मारीत बसले होते. मी पुढे होऊन बोलणार, तोच विमलने डबा माझ्या हातून घेतला आणि स्वतःच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. या लोकांसमोर तिने बारा वर्षांत मोजून चार शब्द उच्चारले असतील.

"नमस्कार भाऊ. आले मी. सुकट आणलीय. उद्या दुपारी बारा वाजता करणार आहे. ज्यांना वास नको असेल त्यांनी आपल्या खिडक्या लावून घ्या. आणि नोटीस लावायची असेल तर माझ्या नावानं लावा, विमल गांगुर्डे. घर नंबर लिहिला की कोण ते कळत नाही."

बोरस्ते पुन्हा चपलांकडे पाहू लागले. पारनेरकरांनी मनगट वळवून घड्याळ पाहिले, जणू बारा आत्ताच वाजावयाचे होते. ती जिना चढू लागली होती. मी तिच्या मागोमाग गेलो.